सहसंयुज बंधाची कुळकथा

कचेरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर उमगते: मसुदा एकाचा असतो आणि सही दुसऱ्याची असते. टिपण लिहिणारा कारकून जुने कागद धुंडाळतो, आकडे ताडून पाहतो, शब्दाला शब्द जुळवितो. आणि तो कागद वर जाऊन परत येतो तेव्हा त्याच्या तळाशी निराळेच नाव असते. ह्यात नेहमी अन्यायच असतो असे नाही. वर बसलेल्या माणसाने एखादा नेमका शब्द घालून त्या टिपणात जीव ओतलेला असतो, आणि त्या एका शब्दामुळेच पुढची सारी चक्रे फिरलेली असतात. तरीही मूळ मसुदा कोणाचा, हा प्रश्न मसुदा लिहिणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत बारा वर्षे हेच काम करीत आलो आहोत. म्हणून रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण वाचताना ते आम्हास परके वाटले नाही.

ह्या प्रकरणाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती निमित्ताने. आमची पुतणी दहावीच्या वर्षासाठी दिल्लीस आमच्या बिऱ्हाडी राहावयास आली. तिचे पुस्तक हिंदी. त्यात 'सहसंयोजी आबंध' असा पाठ आहे. आम्ही शाळेत ज्याला 'सहसंयुज बंध' म्हणून शिकलो तोच हा, हे ओळखावयास वेळ लागला नाही. परंतु आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि आपल्या रेणूला तिकडे अणु ही संज्ञा आहे! परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांना असे किती घोटाळे मुकाट्याने निस्तरावे लागत असतील, कोण जाणे. ह्या लेखात आम्ही मराठी शाळेतील संज्ञाच वापरणार आहोत. अणू म्हणजे मूलद्रव्याचा कण, आणि अणू एकमेकांस जोडून होतो तो रेणू.

मिथेन वायूच्या रेणूची आकृती समोर होती. मध्ये कार्बन, चारी बाजूंना हायड्रोजन आणि त्यांना जोडणाऱ्या चार रेघा. पुतणीने विचारले, "काका, ही रेघ म्हणजे नक्की काय असतं?" आम्ही रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविलेली, पण ह्या साध्या प्रश्नाने क्षणभर गप्प झालो. शास्त्रज्ञांचीही अशीच स्थिती सुमारे साठ वर्षे होती, हे नंतर वाचनात आले तेव्हा थोडे समाधान वाटले.

रेघेचा जन्म १८५८ सालचा. त्याआधी १८५२ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड ह्या इंग्रज रसायनज्ञाने दाखवून दिले होते की, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतर अणूंना धरून ठेवण्याची शक्ती ठरावीक असते. हायड्रोजनला जणू एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. ह्यालाच पुढे संयुजा हे नाव पडले. कार्बनचे हात दुसऱ्या कार्बनलाही धरू शकतात, आणि म्हणून कार्बनच्या लांबलचक साखळ्या होऊ शकतात, हा महत्त्वाचा शोध १८५८ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे लावला. एक जर्मनीतील केकुले; दुसरा स्कॉटलंडचा तरुण आर्चिबाल्ड कूपर. कूपर त्या वेळी पॅरिसमध्ये वुर्ट्‌झ ह्या नामवंत रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. फ्रेंच अकादमीपुढे ठेवण्यासाठी त्याने आपला निबंध वुर्ट्‌झच्या स्वाधीन केला. निबंध पुढे जाण्यास विलंब झाला, आणि तेवढ्यात केकुलेचा लेख छापून आला. कूपर संतापला, गुरूशी भांडला आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडला. मायदेशी परतल्यावर त्याचे मानसिक स्वास्थ्य ढळले. १८९२ साली त्याचा अंत झाला. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या हातून शास्त्राचे काही काम झाले नाही. टेबलावर पडून राहिलेल्या एका कागदाची ही किंमत! दोन अणूंमध्ये रेघ ओढून बंध दाखविण्याची पद्धत ज्या थोड्यांनी प्रथम वापरली, त्यांत हा कूपर होता.

रेघ मिळाली, पण तिचा अर्थ मिळाला नाही. रसायनज्ञ तिचा उपयोग हिशेबासारखा करीत. तिच्या आधारे त्यांनी शेकडो पदार्थांच्या रचना अचूक ओळखल्या, नवे रंग आणि औषधे तयार केली. मात्र रेघेच्या जागी प्रत्यक्षात काय आहे असे विचारले असता त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. १८९७ साली जे. जे. टॉमसन ह्यांनी इलेक्ट्रॉन शोधून काढला तेव्हा उत्तराची दिशा दिसू लागली. मिठाचा उलगडा त्यामानाने सोपा ठरला. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. एकावर धन भार येतो, दुसऱ्यावर ऋण, आणि विरुद्ध भारांच्या ओढीने ते एकत्र राहतात. हा उघड देण्याघेण्याचा व्यवहार झाला. पण हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू हायड्रोजनचेच असतात. दोघे अगदी सारखे. मग त्यांत देणारा कोण आणि घेणारा कोण? कार्बनच्या साखळीत कार्बन कार्बनला धरतो, तेव्हा दाता कोणास म्हणावे? देण्याघेण्याचा हिशेब येथे लागू पडेना.

हे कोडे ज्यांनी सोडविले ते गिल्बर्ट न्यूटन लुईस. जन्म १८७५, अमेरिकेतील. १९०२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नवशिक्या विद्यार्थ्यांना शिकवीत असताना त्यांनी एका कागदावर घनाकृती काढल्या आणि घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन मांडून पाहिले. बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन भरले म्हणजे अणू तृप्त होतो, ही कल्पना त्या चित्रांत होती. तो कागद त्यांनी छापला नाही. जपून मात्र ठेवला. पुढे दोन वर्षांनी ते फिलिपीन्समध्ये मनिला येथे गेले आणि तेथील सरकारच्या वजनमापे खात्याचे अधीक्षक म्हणून त्यांनी काम केले. विसाव्या शतकातील एका थोर रसायनज्ञाने काही काळ सरकारी कचेरीत वजने-मापे तपासली, ही गोष्ट वाचून आमच्यासारख्या कारकुनास थोडी धन्यता वाटली तर वाचकांनी हसू नये.

१९१२ पासून लुईस कॅलिफोर्नियात बर्कले येथे होते. १९१६ मध्ये त्यांनी 'अणू आणि रेणू' ह्या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात कोड्याचे उत्तर दिले. उत्तर असे की, येथे देणेघेणे नाहीच. येथे भागीदारी आहे. दोन अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन पुढे करतात, आणि ती इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांच्याही मालकीची होते. हायड्रोजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन आहेत. पहिला अणू म्हणतो, हे दोन्ही माझे. दुसराही तेच म्हणतो. आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. कार्बनपाशी बाहेरचे चार इलेक्ट्रॉन असतात. चार हायड्रोजन आपला एकेक घेऊन येतात. चार जोड्या होतात, कार्बनभोवती आठाची संख्या भरते, प्रत्येक हायड्रोजनभोवती दोनाची. मिथेन तयार होतो. कूपर-केकुले ह्यांच्या काळापासून ओढली जाणारी रेघ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून इलेक्ट्रॉनांची एक सामायिक जोडी होय. रेघेऐवजी दोन ठिपके मांडण्याची पद्धतही लुईस ह्यांचीच.

ह्यापुढे आमच्या आरंभीच्या प्रश्नाचा भाग येतो. १९१८ च्या आरंभी लुईस महायुद्धाच्या कामावर सैन्याच्या रासायनिक युद्ध विभागात फ्रान्सला गेले. विषारी वायूपासून सैनिकांचा बचाव कसा करावा ह्याचे शिक्षण देण्यात त्यांचे दिवस जाऊ लागले. संयुजेचा विचार मागे पडला. इकडे स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्यूर नावाचे कल्पक शास्त्रज्ञ होते. त्यांनी लुईस ह्यांची उपपत्ती हाती घेतली, ती विस्ताराने मांडली, अनेक पदार्थांना लावून दाखविली, आणि १९१९ साली तिच्या गाभ्याला एक सुटसुटीत नाव दिले. त्या इंग्रजी नावाचेच आपले मराठी रूप 'सहसंयुजा'. लँगम्यूर ह्यांची वाणी रसाळ आणि मांडणी स्वच्छ. ठिकठिकाणी त्यांची व्याख्याने झाली, सभागृहे भरू लागली आणि लवकरच लोक ह्या उपपत्तीस लँगम्यूर ह्यांच्या नावाने ओळखू लागले. फार झाले तर लुईस-लँगम्यूर असे जोडनाव वापरीत.

लुईस ह्यांना हे लागले. लँगम्यूर ह्यांनी आपल्या लेखात लुईस ह्यांचे ऋण मान्य केले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्यांनी चोरी केली असे कोणीही म्हणू शकणार नाही. पण लोकांच्या तोंडी जे नाव बसते त्याला लेखातील ऋणनिर्देश आवर घालू शकत नाही. १९२३ साली लुईस ह्यांनी संयुजेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी लँगम्यूर ह्यांच्या बुद्धीची वाखाणणी केली. मात्र ही उपपत्ती वापरताना तिच्यात मुळातून बदल करण्याची गरज त्यांना पडली नाही ह्याचे आपणास समाधान आहे, असा शालजोडीतलाही दिला. आणि १९०२ मधील तो जपून ठेवलेला घनाकृतींचा कागदही ग्रंथात छापला. हे वाचून आम्हास हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. वाद पडला की जुन्या फाइलीतील तारखेचा कागद शोधून वर पाठविणे, ही तर आमची रोजची विद्या!

पुढे १९३२ साली लँगम्यूर ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते सहसंयुजेसाठी नव्हते, पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातील त्यांच्या स्वतःच्या कार्यासाठी होते, आणि ते त्यांचे हक्काचे होते. लुईस ह्यांचे नाव अनेक वर्षे सुचविले गेले, पण पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. १९४६ च्या मार्चमध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

परंतु कुळकथा येथे संपत नाही. येथे ती दुसऱ्या पिढीच्या हाती जाते. लुईस ह्यांनी जोडी आहे असे सांगितले. जोडीने अणू का धरले जातात हे त्यांना सांगता आले नव्हते. दोन इलेक्ट्रॉन तर ऋण भाराचे. त्यांनी एकमेकांस दूर लोटावयाचे, ते एकत्र येऊन बंध कसे करतात? ह्याचे उत्तर १९२७ मध्ये झुरिच येथे वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्स लंडन ह्या दोन तरुण जर्मन शास्त्रज्ञांनी दिले. त्या वेळी पुंजयामिकी हे नवे शास्त्र नुकतेच उभे राहिले होते. त्यानुसार दोन इलेक्ट्रॉनांतून हा अमक्याचा आणि तो तमक्याचा असा भेद करता येत नाही. ते आपल्या जागा बदलू शकतात आणि तसे झाले तरी बाहेरून काही कळत नाही. ह्या अदलाबदलीचा हिशेब मांडला की, दोन हायड्रोजन अणू एका ठरावीक अंतरावर आले असता त्यांची एकूण ऊर्जा कमी होते असे निघते. ऊर्जा कमी म्हणजे स्थैर्य अधिक. दोघांच्या गणिताने प्रत्यक्ष बंधशक्तीच्या सुमारे दोन तृतीयांश इतके उत्तर आले. पहिल्याच प्रयत्नात एवढे जुळले ह्यावरून मार्ग बरोबर आहे ह्याची खात्री पटली. भागीदारीत कोणाचे काय हे ओळखता येऊ नये, ह्यातच तिच्या बळकटीचे मर्म निघाले.

हा मार्ग रसायनशास्त्राच्या अंगणात आणून सोडला लायनस पॉलिंग ह्यांनी. १९३१ पासून त्यांनी लेखांची मालिका लिहिली आणि १९३९ मध्ये रासायनिक बंधाच्या स्वरूपावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. रेघेला त्यांनी लांबी दिली, शक्ती दिली आणि दिशा दिली. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेले असतात आणि त्यांतील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो, हे प्रयोगाने ठाऊक झालेले सत्य त्यांनी उपपत्तीतून काढून दाखविले. पॉलिंग ह्यांना १९५४ साली ह्याच विषयासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला होता गिल्बर्ट न्यूटन लुईस ह्यांना. सही करणाऱ्याने मसुदा लिहिणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर घातले, असे प्रसंग जगात फार नाहीत.

रेघेचा अर्थ लागल्यावर डोळ्यांसमोरच्या वस्तूंचा अर्थ लागू लागला. हिरा आणि पेन्सिलीतील ग्राफाइट ही दोन्ही निव्वळ कार्बन. हिऱ्याची रचना ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्येच क्ष-किरणांनी उलगडली होती. त्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना चारी दिशांनी धरून असतो. सबंध खडा म्हणजे जणू एकच रेणू. म्हणून तो इतका कठीण. ग्राफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तिघांनाच एका पातळीत धरतो. त्या पातळीतील बंध हिऱ्याहूनही आखूड व बळकट असतात, पण एका थरास दुसऱ्या थराशी बांधणारी ओढ दुबळी असते. थर घसरतात आणि कागदावर अक्षर उमटते. म्हणजे आमची सारी कारकुनी काही अंशी ह्या दुबळ्या ओढीवरच चालत आली!

सिलिकॉनची घडण हिऱ्यासारखीच. प्रत्येक अणूचे चारही इलेक्ट्रॉन जोड्यांत गुंतलेले असल्याने शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही. त्यात लक्षावधी अणूंमागे एखादा फॉस्फरसचा अणू बसविला तर काय होते? फॉस्फरसपाशी पाच इलेक्ट्रॉन. चार जोड्यांत गेले, पाचवा मोकळा राहिला, आणि तो वीज वाहू लागला. बोरॉन बसविला तर उलट एका जोडीत जागा रिकामी राहते. ह्या शिलकीच्या आणि तुटीच्या हिशेबावर १९४७ नंतरचे ट्रान्झिस्टरचे सारे जग उभे आहे. प्रथम जर्मेनियमचे आणि १९५४ पासून सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. आज कचेरीत आमच्या टेबलावरचा संगणक चालतो तो ह्याच पाचव्या इलेक्ट्रॉनाच्या जिवावर.

लांब साखळ्यांचा इतिहास तर अधिकच बोधप्रद आहे. रबर, सेल्युलोज, रेशीम ह्या पदार्थांचे रेणू हजारो अणूंच्या, साध्या सहसंयुज बंधांनीच जोडलेल्या अखंड साखळ्या आहेत, असे १९२० मध्ये हेरमान स्टाउडिंगर ह्यांनी मांडले. त्या काळच्या पंडितांना ते पटेना. लहान रेणूंचे कसलेसे पुंजके असतील, एवढा मोठा रेणू असणे शक्य नाही, असा त्यांचा आग्रह. स्टाउडिंगर ह्यांना सल्ले मिळाले, चेष्टा सहन करावी लागली, तरी त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. पुढील दहा-पंधरा वर्षांत पुरावा त्यांच्या बाजूने जमा झाला. १९३५ मध्ये अमेरिकेत कॅरदर्स ह्यांनी नायलॉन तयार केले, आणि त्याच्या साखळीतील जोड रेशमाच्या प्रथिनात असतो त्याच जातीचा आहे हे पाहून कोणासही शंका उरली नाही. स्टाउडिंगर ह्यांना नोबेल मिळाले ते १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

आता सजीवांकडे वळू. प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी आहे हे १९०२ मध्ये एमिल फिशर आणि हॉफमाइस्टर ह्यांनी सांगितले होते. पण त्या साखळीतील मण्यांचा क्रम ठरलेला असतो की नाही, ह्याविषयी निश्चिती नव्हती. फ्रेडरिक सँगर ह्यांनी सुमारे दहा वर्षे चिकाटीने काम करून १९५५ पर्यंत इन्सुलिनचे ५१ मणी क्रमवार लावून दाखविले. त्यांत दोन साखळ्या निघाल्या आणि गंधकाचे तीन पूल. दोन पूल साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे, तिसरा एकाच साखळीच्या पोटातला. गंधकाचे असेच पूल आपल्या केसांतही असतात. आणि रबर गंधकाबरोबर तापविले म्हणजे ते चिवट होते, हा चार्ल्स गुडइयर ह्यांचा १८४४ च्या एकस्वातील शोधही साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधण्याचाच होता. मोटारीचे चाक, माथ्यावरचा केस आणि मधुमेही माणसाचे औषध, ह्या तिन्ही ठिकाणी एकच कारागिरी पाहून मन थक्क होते.

ह्या साखळ्या घड्या कशा घालतात, ह्या प्रश्नात भारताचा वाटा मोठा आहे. पॉलिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९५१ मध्ये दाखविले की, दोन अमिनो आम्लांना जोडणारा बंध थोडासा दुहेरी बंधासारखा वागतो, म्हणून तो पिळता येत नाही. त्या भोवतीचे अणू एका पातळीत ताठ राहतात. मग साखळी वळते कोठे? प्रत्येक मण्यावरील दुसऱ्या दोन बंधांभोवती. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी रामकृष्णन व शशिशेखरन ह्यांनी १९६३ मध्ये ह्या दोन कोनांचा एक नकाशा काढला. कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात आणि कोणत्या कोनांत मोकळे राहतात, हे त्यांनी गणिताने ठरविले. नकाशाचा बहुतेक भाग निषिद्ध निघाला. परवानगीची बेटे मोजकीच. आज जगात कोठेही प्रथिनाची नवी रचना सिद्ध झाली की ती ह्या रामचंद्रन-आलेखावर ताडून पाहतात. आम्ही बदलीवर चार वर्षे चेन्नईस होतो. गिंडीला विद्यापीठाचे आवार आहे, तेथे त्यांनी उभारलेला विभाग आजही चालतो. त्या रस्त्याने आम्ही रोज जात-येत असू; आत काय घडून गेले आहे ह्याचा तेव्हा पत्ताही नव्हता.

सहसंयुज बंध बळकट, तर सारे शरीर त्यानेच का बांधले नाही, असे कोणी विचारील. डी.एन.ए.च्या जिन्याकडे पाहिले असता ह्याचे उत्तर मिळते. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक ह्यांनी मांडलेल्या त्या रचनेत दोन्ही बाजूंचे कठडे सहसंयुज बंधांचे आहेत. पायऱ्यांच्या मधोमध मात्र हायड्रोजन-बंधांची हलकी गाठ आहे. कार्बन-कार्बन बंध तोडावयास मोलामागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. हायड्रोजन-बंधास बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. जे पिढ्यान्‌पिढ्या जपावयाचे ते बळकट बंधाने बांधले आहे, आणि जे वाचण्यासाठी वारंवार उघडावयाचे ते हलक्या गाठीने. दप्तराची बांधणी आणि दप्तराची नाडी ह्यांत असतो तोच हा फरक.

औषधांतही हाच विवेक दिसतो. बहुतेक औषधे शरीरातील आपल्या जागी हलकेच बसतात आणि निघून जातात. काही मात्र कायमची गाठ मारतात. पेनिसिलिनमध्ये चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे. त्याची रचना डोरोथी हॉजकिन ह्यांनी १९४५ मध्ये पक्की केली. जंतूची भिंत बांधणाऱ्या विकराशी गाठ पडली की ते कडे उघडते आणि विकराला सहसंयुज बंधाने चिकटून बसते. भिंत अपुरी राहून जंतू मरतो. ही उपपत्ती टिपर आणि स्ट्रॉमिंजर ह्यांनी १९६५ साली मांडली. ॲस्पिरिनची गोष्ट अशीच. ते १८९७ पासून ठाऊक. पण ते काय करते ह्याचा धागा जॉन वेन ह्यांना १९७१ मध्ये सापडला, आणि ते आपल्या रेणूचा एक तुकडा एका विकरावर कायमचा डकवून जाते हे १९७५ मध्ये स्पष्ट झाले. रक्तातील बिंबिकांना केंद्रक नसल्याने त्या नवे विकर घडवू शकत नाहीत. म्हणून ज्या बिंबिकेवर हा तुकडा बसला, ती तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा पूर्ववत होत नाही. हृदयविकाराच्या रोग्यास वैद्याच्या देखरेखीखाली रोज एक लहानशी गोळी पुरते, ती ह्यामुळे.

हे शास्त्र थांबलेले नाही. जिवंत पेशीच्या इतर कारभारात ढवळाढवळ न करता तिच्यावर नेमका एक सहसंयुज बंध जुळवून आणण्याच्या रसायनशास्त्राला २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानकरी बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस. आणि जोडीवाचून बंध नाही ह्या लुईस ह्यांच्या नियमालाही अपवाद असतात. एकाच इलेक्ट्रॉनावर तोललेल्या बंधाची कल्पना पॉलिंग ह्यांनी १९३१ मध्ये केली होती. दोन कार्बनांमधील तसला बंध जपानमधील होक्काइदो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली स्फटिकात प्रत्यक्ष दाखविला. शंभर वर्षांनंतरही मूळ मसुद्याच्या समासात नव्या नोंदी होतच आहेत.

तर मसुदा कोणाचा आणि सही कोणाची? कूपरची रेघ, लुईस ह्यांची जोडी, लँगम्यूर ह्यांचा शब्द, हाइटलर-लंडन ह्यांचे गणित, पॉलिंग ह्यांचे कोन, रामचंद्रन ह्यांचा नकाशा. ह्यांतील एक काढून घेतले तर बाकीचे लंगडे पडतात. तरीही आम्ही लुईस ह्यांचा सल क्षुद्र मानणार नाही. भागीदारीत कोणाचे काय हे मिसळून जाते हे खरे. परंतु आपण पुढे केलेला इलेक्ट्रॉन आपला होता, एवढे म्हणण्याचा हक्क भागीदारास असावा.

पुतणीला हे सारे आम्ही सांगितले नाही. तिची परीक्षा जवळ आली होती. तिने वहीत मिथेन काढला. कार्बनच्या इलेक्ट्रॉनांसाठी ठिपके आणि हायड्रोजनसाठी फुल्या. काढून झाल्यावर म्हणाली, "काका, ठिपका कुणाचा आणि फुली कुणाची हे आपल्यालाच कळावं म्हणून असतं ना? त्यांना नाही ना कळत?" आम्ही म्हटले, "नाही कळत." मग तिने आकृतीखाली शीर्षक लिहिले: मिथेनची लुईस संरचना. जगातल्या लक्षावधी वह्यांत ते नाव रोज लिहिले जाते, हे तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले.